सतराव्या पानावरचं नाव

रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
एका फेरीत सहा पानं होतात,
ओहोटी आडवी आली तर आठ.
सत्तावीस वर्षं मी मांडवी अशीच मोजत आलोय,
इंजिनाच्या खोलीत, डिझेलच्या बोटांनी.
ग्रंथालयातला दुर्गेश परत आलेलं पुस्तक आधी हुंगतो
आणि माझ्या कार्डावर शिक्का मारतो.

जड पुस्तकं मी वाचत नाही.
जड काय असतं ते रोज रॅम्पवर दिसतं,
चिऱ्यांनी भरलेला टेंपो.
मला हलकीच हवीत, पाण्यावर राहणारी.
पण हलकं म्हणजे कसंही नव्हे.
होडीसुद्धा हलकीच असते,
बांधायला सुतार लागतो.

प्रेमकथेबद्दल माझं म्हणणं असं
की नायिकेचा पाय मुरगळणं आता पुरे.
शेवाळलेल्या रॅम्पवर कितीतरी जणी घसरताना पाहिल्या,
एकीलाही कुणा उंच तरुणानं झेललं नाही.
झेललं ते आवरोरानं, एका हातानं,
दुसऱ्या हातात पोयांची टोपली तशीच,
आणि वर शिव्या.
आणि तो गैरसमज! ऐंशी पानं!
एक फोन केला असता
तर एव्हाना यांची पोरं शाळेत गेली असती.
तरी शेवटी लग्न हवंच मला, आणि जेवणासकट हवं.
'थाटात लग्न लागलं' म्हणून उरकणारा लेखक
म्हणजे मांडवातून उपाशी पाठवणारा व्याही.
खतखतं होतं का? तिरफळं घातली होती का?
लिही की, बाबा.

विनोदी कादंबरीची भीती वाटते.
एकदा खाली इतका हसलो
की वरच्यांना वाटलं पिस्टन गेला.
दोघांनी लाइफजॅकेटं शोधली,
मिळाली नाहीत, ती वेगळी गोष्ट.
पण तसं पुस्तक पाच वर्षांत एखादं.
बाकीच्यांत लेखक आपणच आधी हसतो
आणि आपल्या पाठीवर थापा मारत बसतो.

रहस्यकथा. इथे मी कडक आहे.
खुनी शेवटच्या धक्क्यावर चढता कामा नये.
पहिल्या फेरीपासून तो शेजारी हवा,
काडेपेटी मागत.
कुत्रा मरता कामा नये.
आणि ऐन वेळी वीज जाणं,
आमच्याकडे ती दर गुरुवारी जाते,
फ्रिजातल्या बांगड्यांखेरीज कुणाचा घात होत नाही.

चवथीनंतर एक पुस्तक घरी आणलं.
दुसऱ्या दिवशी फेरीवर उघडलं,
तर सतराव्या पानाच्या कडेला पेन्सिलीनं:
'डॉक्टरनं मारला.'

असा संतापलो की भोंगा दोनदा वाजवला.
मागच्या चिठ्ठीवर सात नावं.
एक वारलेले, दोघांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन,
मास्तर पुस्तकात रेघ मारण्याआधी स्वतःला मारतील.
आणि तो डॉक्टर! चहा प्यायला तरी मी डोळे वटारायचो.
त्रेचाळीस फेऱ्या मी त्याच्यावर पाळत ठेवली.

मारला होता भाच्यानं.
डॉक्टर बिचारा खरंच चहाच पीत होता.

मग ते अक्षर नीट पाहिलं.
'ड'ची शेपटी खाली ओढून वळवलेली,
आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर असते तशी:
'डाळ संपली. डिझेलचे कपडे वेगळे भिजवणे.'

शालन सुंगटं सोलत होती.
'हे तू?'
तिनं मान वर केली नाही.
'भाच्यावर संशय आला एकदा तरी?'
'नाही.'
'मग?'
आणि एक सुंगट वाटीत टाकलं.

हल्ली पुस्तक हातात आलं
की आधी सतरावं पान बघतो.
या वेळी लिहिलंय, 'कुत्रा मरतो.'
नऊ फेऱ्या झाल्या. कुत्रा जिवंत आहे,
आता तर तो बिस्किट खातोय.
तिच्यावर माझा काडीचाही विश्वास नाही.
पण ते बिस्किट कुणी दिलं,
ते लेखकानं अजून सांगितलेलं नाही,
आणि वर घंटा झाली.